गाळलेल्या जागा

संक्रांतीचा तिळगूळ डब्याच्या तळाला गेला, की मराठी मध्यमवर्गीय घरांत मे महिन्याची कुजबुज सुरू होते. एके काळी ही कुजबुज मामाच्या गावापर्यंत जाऊन थांबत असे. पुढे ती महाबळेश्वरला पोहोचली, मग कुलू-मनालीला, आणि आता व्हिएन्ना-व्हेनिसपर्यंत गेली आहे. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. १९६० साली पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ पुस्तकरूपाने आले, तेव्हा युरोप ही बहुतेक वाचकांच्या लेखी पुस्तकातच पाहायची गोष्ट होती. त्या वाचकांची नातवंडे आज आजी-आजोबांचा हात धरून विमानात बसतात, याचा आनंदच मानायला हवा.

काळजी वाटते ती त्या प्रवासाच्या आखणीची. टेबलावर पसरलेले माहितीपत्रक पाहिले, की बारा दिवसांत सहा-सात देश मांडलेले दिसतात. सकाळी एक राजधानी, दुपारी दुसरी, संध्याकाळी तिसऱ्या देशातल्या हॉटेलात पिठले-भात. आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांना परत आल्यावर विचारले, की ते मोठे संगमरवरी चर्च कुठल्या गावातले? त्यांनी शांतपणे मोबाइल काढला आणि म्हणाले, “थांबा हं, फोटोखाली लिहिलं असेल.” एक ना धड, भाराभर चिंध्या म्हणतात ते हेच.

शाळेत आपल्याला ‘गाळलेल्या जागा भरा’ असा प्रश्न असे. त्याची सवय इतकी मुरली आहे, की प्रवासाच्या कागदावर एखादा दिवस मोकळा दिसला तरी हात शिवशिवतो. प्रवासाच्या परीक्षेत मात्र प्रश्न उलटा असतो. तिथे जागा भरायच्या नसतात, गाळायच्या असतात. काय पाहायचे नाही हे ज्या घराला आधी ठरवता येते, त्या घराला जे पाहिले ते लक्षात राहते.

मी बँकेत रुजू झालो तेव्हा १९७३ चा फेरा कायदा ऐन भरात होता. परदेशी जाणाऱ्याला किती चलन मिळाले याची नोंद त्याच्या पासपोर्टवर शिक्क्यानिशी होत असे. आमचे वरिष्ठ आठ डॉलर खिशात घालून विलायतेला गेलेल्यांच्या गोष्टी सांगत. जून २००० पासून फेमा लागू झाला, २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैसे बाहेर पाठवण्याची उदार योजना आणली, आणि आज एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम त्या योजनेखाली बाहेर नेता येते. म्हणजे चलनाची टंचाई संपली. आता टंचाई आहे ती दिवसांची आणि गुडघ्यांची. तेव्हा हिशेब मांडायचा तो त्यांचाच.

हिशेब सोपा आहे. एक मुक्काम हलवला की अर्धा दिवस गेला असे धरा. बॅगा भरणे, स्टेशन गाठणे, नव्या गावात दुपारी खोली मिळेपर्यंत ताटकळणे, हे सारे त्यात आले. सात गावे घेतली तर मुक्काम सहा वेळा हलतो, म्हणजे तीन पूर्ण दिवस बॅगेच्या चाकांवर खर्ची पडतात. चार गावे घेतली तर दीड दिवस. वाचलेला दीड दिवस कुठल्याही किमतीला विकत मिळत नाही.

उदाहरण म्हणून चौदा रात्रींचा एक प्रवास मांडून पाहू. व्हिएन्ना चार रात्री, साल्झबर्ग तीन, उत्तर इटलीत डोलोमाइट पर्वतांच्या पायथ्याचे बोल्झानो चार, आणि शेवटी व्हेनिस तीन. ही चारही गावे रेल्वेने जोडलेली आहेत. व्हिएन्नाहून साल्झबर्ग सुमारे अडीच तास. तिथून इन्सब्रुकला गाडी बदलून, ब्रेनर खिंड ओलांडून बोल्झानो चार-साडेचार तास. पुढे व्हेरोनाला गाडी बदलून व्हेनिस तीन तासांच्या आसपास. ब्रेनर मार्गावर कधी कधी कामासाठी गाड्या बंद असतात, तेवढे आरक्षणाआधी पाहून घ्यावे. या यादीत प्राग नाही, बुडापेस्ट नाही, रोम, फ्लॉरेन्स आणि स्वित्झर्लंडही नाही. त्या गाळलेल्या जागा आहेत आणि त्या गाळल्या म्हणूनच उरलेल्या चार गावांना काही अर्थ आला.

निघायचे कधी? आपल्याकडे परीक्षा संपल्या, की एप्रिलच्या अखेरीस लोक बॅगा भरतात. शहरांसाठी तो काळ उत्तम आहे, डोंगरांसाठी नाही. आल्प्समध्ये मे हा उंबरठ्यावरचा महिना असतो. स्कीइंगचा हंगाम संपलेला असतो आणि उन्हाळी हंगाम सुरू व्हायचा असतो. या मधल्या काळात कितीतरी रोपवे देखभालीसाठी बंद राहतात आणि डोंगरातली हॉटेले कुलूप लावून बसतात. ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोकनरचा घाटरस्ता १९३५ साली खुला झाला. तो अडीच हजार मीटरच्या घरात चढतो आणि साधारणपणे मेच्या सुरुवातीस बर्फ कापून वाहतुकीला मोकळा होतो. इटलीतली २,७५७ मीटर उंचीची स्टेल्व्हिओ खिंड मात्र उघडायला मेअखेर किंवा जून उजाडतो. म्हणजे ज्याने मेच्या पहिल्या आठवड्यात उंच डोंगर ठेवले, त्याच्या वाट्याला बंद दरवाजे यायची शक्यता अधिक.

उपाय आपल्या हातात आहे. महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात. तेव्हा हापूसची शेवटची पेटी संपवून, मेच्या विशीनंतर निघावे. आधी शहरे घ्यावीत आणि डोंगर जूनच्या तोंडाशी येतील असे पाहावे. तोवर वरच्या कुरणांकडे जाणारे बरेच रोपवे सुरू झालेले असतात, गवतात फुले येऊ लागतात आणि शिखरांवर मुलांना दाखवण्याइतके बर्फ शिल्लक असते. व्हिएन्नात या दिवसांत सूर्य साडेआठनंतर मावळतो. दुपारी आजी-आजोबांनी तासभर आडवे होऊन संध्याकाळी पुन्हा बाहेर पडावे, असा उजेड असतो.

आपल्याबरोबर त्यांचेही पंचांग पाहावे. ऑस्ट्रियात दुकाने रविवारी बंद असतात, आणि मे-जूनमध्ये ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्या ईस्टरच्या तारखेप्रमाणे पुढेमागे सरकतात. पेंटेकॉस्टच्या सुट्टीत जर्मनीतली कुटुंबे मोटारी भरभरून डोलोमाइटकडे उतरतात. २ जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन असतो, आणि त्याला जोडून सुट्टी काढलेले इटालियनही व्हेनिसला येतात. गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणात जायला निघालेल्या माणसाला याहून अधिक सांगायला नको.

आता या चार गावांत पाहायचे काय? इथेही गाळणी लावावी लागते. माझी गाळणी अशी, की ज्या गोष्टीचा धागा आपल्या माहितीच्या एखाद्या गोष्टीला बांधता येतो, ती डोक्यात टिकते. व्हिएन्नाचेच पाहा. १६८३ मध्ये तुर्कांनी या शहराला वेढा घातला आणि १२ सप्टेंबरला तो उठला. त्याच १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्यात पोर्तुगीजांवर स्वारी केली होती आणि औरंगजेब दख्खनेत उतरलेला होता. ज्या तटबंदीने व्हिएन्नाला त्या वेढ्यात वाचवले, ती पाडण्याचा हुकूम सम्राट फ्रान्झ जोसेफने डिसेंबर १८५७ मध्ये काढला. मोकळ्या झालेल्या जागेवर रिंगस्ट्रासे हा रुंद गोल रस्ता आणि त्याच्या कडेने ऑपेरा, विद्यापीठ, संग्रहालये उभी राहिली. पुढच्याच दशकात मुंबईत गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी फोर्टचा तट पाडायला घेतला आणि त्या मोकळ्या पट्ट्यात उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. रिंगस्ट्रासेवरच्या ट्राममध्ये बसलेल्या मुंबईकराला ओव्हल मैदान आठवले नाही, तरच नवल.

त्याच रस्त्यावर १८९१ मध्ये उघडलेले कलेतिहासाचे मोठे संग्रहालय आहे. ते सगळे पाहायचा हट्ट धरू नये. सोळाव्या शतकातल्या ब्रुगेल या चित्रकाराची ‘बर्फातले शिकारी’ आणि ‘बाबेलचा मनोरा’ ही चित्रे आहेत त्या दालनात तासभर बसावे. शिकारी जवळजवळ रिकाम्या हातांनी घरी परततात, खाली गोठलेल्या तळ्यावर गावची माणसे खेळतात. लहान मुले या चित्रात मोठ्यांपेक्षा अधिक शोधून काढतात. तासाभराने उठून कॉफी प्यायला जावे. व्हिएन्नाच्या कॉफीगृहात एका कपावर कितीही वेळ बसले तरी कोणी उठवत नाही. पुण्यातल्या जुन्या इराणी हॉटेलांत उमेदीची वर्षे घालवलेल्यांना तिथे परके वाटण्याचे कारण नाही.

साल्झबर्गमध्ये मोत्झार्टचे जन्मघर आहे. तो २७ जानेवारी १७५६ ला जन्मला, आणि पुढच्याच महिन्यात आपल्याकडे विजयदुर्ग आंग्र्यांच्या हातून गेला. तिथला किल्ला पायी चढता येतो, पण १८९२ पासून चालणारी तारेवरची गाडीही आहे. आजोबांनी तिचे तिकीट काढण्यात कमीपणा मानू नये. जवळच उंटर्सबर्गचा रोपवे आहे. तो आपल्याला कळसूबाईच्या १,६४६ मीटरहून उंच नेऊन सोडतो. साल्झबर्गमधून हालस्टाट नावाच्या तळ्याकाठच्या चिमुकल्या गावी जायचा मोह होतो. तिथली वस्ती आठशेच्या आत आहे आणि २०२३ मध्ये पर्यटकांच्या गर्दीला कंटाळून गावकऱ्यांनी निदर्शने केली होती. मी ते गाव गाळीन. आपल्या दारात रोज जत्रा भरली तर आपल्याला कसे वाटेल, हा विचारही आखणीचाच भाग आहे.

बोल्झानो हे या प्रवासाचे हृदय. पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. आजही पाट्या जर्मन आणि इटालियन अशा दोन भाषांत दिसतात, आणि वरच्या काही खोऱ्यांत लादीन ही तिसरी भाषा बोलली जाते. सीमाभागाचा प्रश्न ठाऊक असलेल्या मराठी माणसाने या पाट्या जरा थांबून वाचाव्यात. गावातल्या पुरातत्त्व संग्रहालयात ‘योत्झी’ आहे. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ३,२१० मीटर उंचीवर बर्फात सापडलेला हा माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याची तांब्याची कुऱ्हाड, कातड्याचे कपडे, खांद्यात रुतलेले बाणाचे टोक, सगळे मिळाले. काचेआड त्याला पाहताना गप्पिष्ट मुलेही गप्प होतात.

डोलोमाइटचे डोंगर आपल्या सह्याद्रीचे उलटे भावंड वाटतात. सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणून काळा. डोलोमाइट बराचसा त्याहून कितीतरी जुन्या, सुमारे चोवीस कोटी वर्षांपूर्वीच्या उष्ण समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडकाचा आणि प्रवाळांचा, म्हणून फिका. आणि संध्याकाळी तो गुलाबी होतो. त्याला नाव मिळाले दोलोमिय या फ्रेंच भूवैज्ञानिकावरून. हा गुलाबी रंग पाहायला उंच शिखरावर जावे लागत नाही. बोल्झानोहून रोपवे रेनोनच्या पठारावर दमछाक न करता नेतो, आणि तिथे एक छोटी गाडी कुरणांतून धावते. ती १९०७ मध्ये सुरू झाली. आपली माथेरानची गाडीही त्याच वर्षीची. गुडघे दुखणाऱ्या आजींना हा डोंगर मनमुराद मिळतो. तरुण मंडळींनी त्या दिवशी वर चालत जावे आणि जेवायला सगळ्यांनी एकत्र यावे. चार रात्रींपैकी एक दिवस कोराच ठेवावा, कारण डोंगरात पाऊस विचारून येत नाही.

व्हेनिस शेवटी ठेवण्यात माझा थोडा धंदेवाईक स्वार्थ आहे. १४९४ मध्ये लुका पाचोली या गणिती संन्याशाचा ग्रंथ इथे छापला गेला. व्हेनिसचे व्यापारी वापरत असलेली दुहेरी नोंदीची पद्धत त्यात सांगितलेली आहे. ज्या जमा-नावेवर माझी पेन्शन उभी आहे, तिचा तो पहिला छापील पाठ. त्यानंतर चारच वर्षांनी वास्को द गामा कालिकतला पोहोचला, मिऱ्यांचा व्यापार समुद्रमार्गे वळू लागला आणि व्हेनिसच्या काळजाचा ठोका चुकला. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा इतिहास या पाण्यातून वाहतो. आज या जुन्या शहरात कायम राहणारे पन्नास हजारांच्याही आत उरले आहेत. काही ठरावीक दिवशी, केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून २०२४ पासून प्रवेश शुल्क घेतले जाऊ लागले. मुक्काम करणाऱ्याला ते नाही आणि मुक्काम करण्यातच शहाणपण आहे. दिवसापुरती आलेली गर्दी संध्याकाळी ओसरते, आणि मग पावलांचे आवाज ऐकू येणारे व्हेनिस आपल्या वाट्याला येते.

आता थोडे काउंटरपलीकडून. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत तो दाखल झालेला असावा लागतो. भेटीच्या वेळा मार्च-एप्रिलमध्ये भराभर संपतात, म्हणून फेब्रुवारी बरा. ज्या देशात अधिक दिवस राहायचे, त्याच्याकडे अर्ज करायचा. आपल्या उदाहरणात ऑस्ट्रिया आणि इटली सात-सात रात्रींचे आहेत. अशी बरोबरी झाली, की ज्या देशात आधी पाऊल टाकणार त्याच्याकडे, म्हणजे इथे ऑस्ट्रियाकडे. वैद्यकीय विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो. त्याच्या अर्जात मधुमेह, रक्तदाब लपवू नये, नाहीतर ऐन वेळी तो विमा नुसता कागद ठरतो. सहलीच्या रकमेवर जो कर आगाऊ कापून घेतात, त्याचे दर वारंवार बदलतात. ते भरण्याच्या दिवशी विचारावेत आणि विवरणपत्रात ती रक्कम वळती करून घ्यायला विसरू नये. परदेशी दुकानात कार्डाच्या यंत्राने ‘रुपये की युरो?’ असे विचारले तर युरो म्हणावे. रुपयांचा पर्याय ओळखीचा वाटतो, पण बहुधा महाग पडतो.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. सहलीसाठी कर्ज काढू नये. ‘आधी फिरा, मग फेडा’ ही जाहिरात मी बँकेच्या आतून पाहिली आहे. घरासाठी घेतलेल्या कर्जाच्या शेवटी घर उरते. सहलीच्या कर्जाच्या हप्त्यांत पुढच्या दोन उन्हाळ्यांच्या सहली बुडतात. त्याचप्रमाणे आजारपणासाठी ठेवलेल्या मुदत ठेवीला हात लावू नये. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर चौदा रात्रींऐवजी दहा कराव्यात आणि चारऐवजी तीन गावे घ्यावीत. गाळणी तीच, फक्त छिद्रे बारीक.

सहल कंपन्यांना मी शत्रू मानत नाही. इंग्रजी न येणारी, एकटी राहणारी, पथ्य सांभाळणारी कितीतरी माणसे त्यांच्यामुळेच जग पाहून आली. दुखले-खुपले तर धावून येणारा मराठी माणूस बरोबर असणे ही मोठी सोय आहे. पण त्यांच्याकडे जातानाही ‘किती ठिकाणे दाखवता?’ ऐवजी ‘एका ठिकाणी किती रात्री थांबता?’ असे विचारावे. गिऱ्हाईक प्रश्न बदलते, तेव्हाच दुकानदार माल बदलतो.

घरात हे सारे ठरवायचे कसे? एका रविवारी सगळ्यांनी जेवणानंतर बसावे आणि प्रत्येकाने कागदावर दोन ओळी लिहाव्यात, एक हट्ट आणि एक त्याग. नातीला रोपवे हवा असेल तर तिने चॉकलेटचा कारखाना सोडावा. मुलाला ऑपेरा पाहायचा असेल तर त्याने खरेदीची दुपार सोडावी. ऑपेरात उभ्याने पाहायची स्वस्त तिकिटेही मिळतात. आजींना मुद्दाम विचारावे, कारण त्या आपण होऊन सांगत नाहीत. ‘तुम्ही न्याल तिकडे येईन,’ असे म्हणणाऱ्या बाईने आयुष्यभर स्वतःच्याच जागा गाळलेल्या असतात. या एका प्रवासात तरी तिचा हट्ट यादीत सर्वांत वर असावा, आणि त्याग लिहायची पाळी इतरांवर यावी.

तेव्हा या आठवड्यात एवढेच करा. पासपोर्ट काढून मुदत पाहा. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने ती शिल्लक हवी. भिंतीवरची दिनदर्शिका खाली घ्या. एक तांबडी पेन्सिल शोधा, आणि ज्या गावांवर काट मारायची आहे त्यांच्यापासून सुरुवात करा.